शून्याची खुर्ची

बटणाला कुणी हातसुद्धा लावला नाही, तरी त्याची रेघ अगदी आडवी राहत नाही. हॉलमध्ये माणसं येऊन बसतात, त्यांच्या अंगाच्या उबेने हवा तापते, हवेने तारा तापतात, आणि पडद्यावरची हिरवी रेघ हळूहळू वर सरकते. फार नाही. कागदावर काढली तर पेन्सिलीच्या टोकाएवढी. मधेच कुणी उशिरा आलं, दार उघडलं, बाहेरची गार झुळूक आत शिरली, की ती परत खाली येते.

कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी तिला ही रेघ दाखवली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, चला, इथे आपलं जमेल.

काम असं होतं. मालिका, चित्रपट, जाहिराती लोकांपुढे जाण्याआधी या हॉलमध्ये तीसेक माणसांना दाखवायच्या. प्रत्येक खुर्चीच्या उजव्या हातावर एक गोल बटण, जुन्या रेडिओला आवाजाचं असायचं तसं. आवडलं की उजवीकडे फिरवायचं, नावडलं की डावीकडे, काहीच वाटत नसेल तर मधोमध ठेवायचं. सोडायचं मात्र नाही. मागच्या काचेच्या खोलीत प्रत्येक बटणाची एक रेघ उमटत जायची, आणि प्रेक्षक कुठे रमले, कुठे कंटाळले, हे निर्मात्यांना दुसऱ्या दिवशी कळायचं.

पण हात म्हटला की तो थरथरतो. मोठा आवाज झाला की आवळतो, अंधार पडला की सैलावतो. ते काही मत नव्हे. ते वजा करायचं तर एक हात असा हवा, जो बाकीच्यांसारखाच दचकेल, पण ज्याला मत नसेल. म्हणून शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात, एक खुर्ची राखून ठेवलेली होती. तिला शून्याची खुर्ची म्हणत. तिच्यावर ऑफिसातलंच माणूस बसे, बटण मधोमध धरून. त्याची रेघ बाकी सगळ्यांच्या रेघांतून वजा होई. उरेल ते लोकांचं मत.

पूर्वी तिथे आळीपाळीने बसायचे. पण कुणाला हसू आवरेना, कुणाला रडू. एकाने तर मारामारीच्या चित्रपटात बटण मुळापासून उपटून हातात घेतलं. मग एकदा तिला बसवून पाहिलं. ती बसली, आणि तिची रेघ पाहून काचेच्या खोलीतल्यांना वाटलं यंत्र बंद पडलंय. तेव्हापासून ती खुर्ची तिचीच. ती भौतिकशास्त्र शिकलेली होती. मोजणाऱ्याने मापात लुडबूड करू नये, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ऑफिसात तिला शून्यबाई म्हणत, तेही तोंडावर.

“शून्यबाई, चहा कसा झालाय?”

“आहे.”

“चांगला की वाईट?”

“गरम आहे.”

लोक हसत. तीही हसे, थोडंसं.

ही सवय ऑफिसपुरती राहिली असती तर प्रश्न नव्हता. पण इतकी वर्षं रोज चार-चार तास मत न ठेवता बसल्यावर ते अंगात मुरतं. पडदे कोणत्या रंगाचे घ्यायचे, या प्रश्नावर तिची खिडकी वर्षभर उघडीबोडकी राहिली होती. आई गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत ती एकटीच होती. शनिवारी दुपारी घरी यायची आणि सोमवारी सकाळी बाहेर पडायची. मधल्या वेळात बोलायला कुणी नसल्यामुळे सोमवारी पहिला शब्द घोगरा निघायचा. दरवानाने “नमस्कार बाई” म्हटल्यावर आपला आवाज फाटू नये, म्हणून ती जिन्यात खाकरून घ्यायची.

बोलणं म्हणावं असं एकच होतं, आठवड्यात मधेमधे येणारा ताईचा फोन.

ताई तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, दुसऱ्या गावात. भावोजी गेल्या वर्षी गेले. मुलगा दूर, आपल्या संसारात. ताईचं ते प्रशस्त घर आता तिला खायला उठायचं, म्हणून ते विकून नव्या इमारतीत लहान जागा घ्यायचं ठरलं होतं. किती लहान, एवढंच ठरायचं होतं; आणि ते ठरत नव्हतं ते हिच्यामुळे.

“चिमे, तो बिल्डरचा माणूस आज परत आला होता,” ताई म्हणायची. पन्नाशी उलटली तरी ताईसाठी ती चिमीच होती. “एका बेडरूमचं हवं की दोन, विचारत होता. मी म्हटलं, माझ्या बहिणीला विचारा, ती मोठी शास्त्रज्ञ आहे, तिचा प्रयोग चालू आहे.”

“बघू गं ताई.”

“बघू, बघू. वर्ष झालं बघतेयस. मी काय तुला स्थळ सांगितलंय, एवढा विचार करायला?”

“तसं नाही.”

“मग घोडं अडलंय कुठे? तू तिकडे एकटी, मी इकडे एकटी. तू तिकडे भिंतींशी बोलतेस, मी इकडे भिंतींशी बोलते. निदान एकाच भिंतीशी बोलू. नोकरीचं म्हणशील तर पेन्शन मिळण्याइतकी वर्षं झाली आहेत की तुझी. अजून किती वर्षं त्या खुर्चीत दगडासारखी बसणार आहेस?”

“बघते, ताई. या आठवड्यात सांगते.”

“सांग बाई. तुझं हे भिजत घोंगडं मी किती दिवस उराशी धरून बसू?”

आठवडा यायचा आणि जायचा. नाही म्हणण्यासारखं एकही कारण तिला सापडत नव्हतं. ताई प्रेमळ होती, बोलघेवडी होती, स्वयंपाक उत्तम करायची. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताईनेच कॉलेज सोडलं होतं, म्हणून हिचं शिक्षण पुरं झालं. ताईने आयुष्यात कधी ते बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर कदाचित सोपं गेलं असतं. आणि हो म्हणायला गेलं की जीभ टाळूला चिकटायची. का, ते कळत नव्हतं. म्हणून बघू.

अशात ‘पलीकडची खोली’ परत आली.

ती जुनी मालिका. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी माणसं, नवं घर. सारखं काही असेल तर ते सुरुवातीला दिसणारं एक बंद दार आणि कुणीतरी म्हटलेलं “आत या.” दोघी बहिणींनी ती लहानपणी एका पांघरुणात पाय घालून पाहिली होती. आता तीच मालिका नव्याने निघाली होती. गोष्टी बहुतेक नव्या, पण हंगामाचा शेवटचा भाग जुन्यातलाच, सगळ्यांच्या डोक्यात बसलेला, नव्याने केलेला. निवृत्त नर्सचा.

जुन्या भागात ती म्हातारी नर्स रोज संध्याकाळी दोन कप मांडायची. कुणाची वाट पाहते ते सांगितलेलं नव्हतं. शेवटी ती उठून दिवा मालवायला जाते आणि दारावर थाप पडते. संपलं. कोण आलं ते दाखवलेलं नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी शाळेत, दुकानात, पाण्याच्या नळावर तोच काथ्याकूट. ताई म्हणाली होती, तिचा मुलगा आला असणार. चिमी म्हणाली होती, वारा असेल. “वारा काय थाप मारतो होय?” असं म्हणून ताईने तिला चिमटा काढला होता.

नव्या दिग्दर्शकाने थाप काढून टाकली होती.

चाचणीच्या दिवशी हॉल भरला. बहुतेक जण जुनी मालिका पाहिलेले, पन्नाशीच्या पुढचे. ती आपल्या कोपऱ्यात बसली, बटणाची पांढरी खूण वर आणली, अंगठा बटणाच्या कडेच्या खाचांवर टेकवला. दिवे गेले.

गोष्ट तीच होती. स्वयंपाकघर, संध्याकाळ, दोन कप. नर्स दोन्हींत चहा ओतते आणि दाराकडे तोंड करून बसते. तिचा कप संपतो. दुसऱ्यातली वाफ बारीक होत होत थांबते. प्रेक्षकांना थाप माहीत होती, ते कान देऊन बसले होते. नर्स उठते. दिवा मालवायला जात नाही. गार चहा ती मोरीत ओतते, कप विसळते, फडक्याने आतून-बाहेरून पुसते आणि फळीवर अगदी मागे, उपडा ठेवते. मग दाराकडे वळवलेली आपली खुर्ची उचलून खिडकीशी नेते. बसते. बाहेर रस्ता, एक सायकल जाते. ती बघत राहते. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जात नाही. बराच वेळ काहीच होत नाही, आणि संपतं.

दिवे लागले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं सावकाश उठली. पुढच्या रांगेतले एक आजोबा बसूनच होते. ती जवळून जाताना त्यांनी विचारलं, “संपलं का?”

“संपलं.”

“बरं,” ते म्हणाले आणि खुर्चीखाली टोपी शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक. टेबलाच्या एका टोकाला मॅडम, ऑफिसच्या प्रमुख. दुसऱ्या टोकाला दिग्दर्शक, रात्रभर झोपला नसावा असा. मधे मास्तर. मास्तर आकडेमोड बघायचा. पूर्वी शाळेत गणित शिकवत असे, ते नाव तेव्हापासून चिकटलं होतं. तिचंही बैठकीत एक काम असे: सुरुवातीला “शून्य ठीक होतं” एवढं म्हणायचं. आजही ती म्हणाली, मास्तरने मान हलवली आणि भिंतीवर रेघा उमटवल्या.

“शेवटची चार मिनिटं बघा,” मास्तर म्हणाला. “कप फळीवर जातो तिथून सगळे खाली. एक माणूस सुटलेला नाही. मी आजवर इतकं एकमत पाहिलं नाही. निवडणुकीतसुद्धा नाही.”

खरंच, तीस रेघा दरीत उतराव्यात तशा एकसाथ खाली गेल्या होत्या.

मॅडमनी चष्मा काढला. “थाप चित्रित केलेली आहे ना?”

“आहे,” दिग्दर्शक म्हणाला. “तुम्हीच दोन्ही करून ठेवायला लावलं होतं.”

“म्हणून लावलं होतं. रविवारी दाखवायचंय. लोकांना थाप हवी आहे, थाप द्या. वाद संपला.”

“लोकांना इतकं आवडलं नाही?”

“आवडलं नाही हे फार सौम्य झालं. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्यात.”

 टेबलावरची बाटली दिग्दर्शकाने फिरवली, परत होती तशी ठेवली. ती रेघांकडे बघत होती. काल ती त्या माणसांच्या मागे बसली होती. कंटाळलेली, चिडलेली माणसं अंधारातही लपत नाहीत. पायांची अदलाबदल करतात, घसा साफ करतात, पिशवीची चेन उघडझाक करतात. काल शेवटी शेवटी हॉलमध्ये एक खुर्ची करकरली नव्हती. शिवाय दुसरं एक होतं. तीस माणसं एकाच क्षणी, एकाच उताराने कधी उतरत नसतात. कुणी आधी, कुणी नंतर, कुणी मुळीच नाही. सगळे एकदम उतरतात ते त्यांच्यातून सारखंच काहीतरी वजा झालं तर.

ती खुर्चीत पुढे सरकली.

“थांबा,” ती म्हणाली.

तिघांनी वळून बघितलं. बैठकीत तिने दुसरं वाक्य बोलण्याची ही पहिलीच वेळ असावी.

“मास्तर, माझी रेघ दाखवाल का? वजा न करता.”

“तुमची? तुमची काय बघायची? तुमची रेघ बघून मी पट्टी सरळ आहे का ते ताडून पाहतो.”

“बघा तर.”

मास्तरने बटणं दाबली. भिंतीवरची गर्दी गेली आणि एकच हिरवी रेघ राहिली. लांबच्या लांब आडवी. उबेने थोडी चढलेली. आणि मग, कप फळीवर जातो तिथे, ती वर निघाली होती. झटका नव्हता, दचकणं नव्हतं. चढण चढावी तशी सावकाश, न थांबता, थेट टोकापर्यंत. तिथेच राहिली होती, दिवे लागेपर्यंत.

मास्तरने बोट धरून ती रेघ टोकापर्यंत तपासली.

“म्हणजे,” मास्तर अखेर म्हणाला, “तुम्हाला एकटीला एवढं आवडलं, की आम्ही ते तीस जणांतून वजा केलं.”

“हो.”

“आणि तीस जणांना नावडलं.”

“हो. चूक माझी आहे. मला कळलं नाही हात फिरला ते. खरंच कळलं नाही.” तिचे कान तापले होते. भिंतीवर आपलं अंतर्वस्त्र वाळत घातलंय आणि सगळे बघतायत, असं तिला झालं होतं.

मॅडमनी चष्मा परत घातला. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं मी तुम्हाला ओळखते. मला वाटायचं त्या खुर्चीवर तुम्ही बसत नाही, तुम्हाला तिथे ठेवलेलं असतं.” मग मास्तरकडे वळून, “बाकीच्यांच्या काढा. वजा न करता.”

निघाल्या त्या रेघा वेगळ्याच होत्या. काही थोड्या वर, काही थोड्या खाली, पुष्कळशा नुसत्या मधे थांबलेल्या, जणू हात बटणावर आहे हेच माणसं विसरली होती. एकमत कुठेच नव्हतं. मॅडम बराच वेळ बघत होत्या.

“चिडलेले नाहीत,” त्या म्हणाल्या. “खूशही नाहीत.”

“गप्प आहेत,” दिग्दर्शक म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता. मग तो तिच्याकडे वळला. “तुम्हाला का आवडलं?”

हा प्रश्न तिला या इमारतीत कुणी कधी विचारला नव्हता. तिने खरं तेच सांगायचा प्रयत्न केला.

“तिने खुर्ची खिडकीशी नेली,” ती म्हणाली. “तोवर ते घर येणाऱ्याचं होतं. मग तिचं झालं.”

“पण ती एकटीच राहिली ना,” मॅडम म्हणाल्या.

“राहिली. ते तर आहेच.”

हे वाक्य ऐकून दिग्दर्शकाने मॅडमकडे पाहिलं, त्यांनी मान डोलावली, आणि भाग थाप न घालता गेला.

त्या दिवसापासून तिला शून्याच्या खुर्चीवर बसवलं नाही. शिक्षा म्हणून नव्हे. एकदा सरकलेल्या काट्यावर कुणी वजन करत नाही, इतकंच. तिला काचेच्या खोलीत मास्तरशेजारी जागा दिली. तिथून हॉल दिसायचा, तिच्या जागी आलेली नवी मुलगी दिसायची, ताठ, घाबरलेली.

घरी गेल्यावर ती दोन संध्याकाळी नुसती बसून होती. ती रेघ डोळ्यांपुढून जात नव्हती. आपल्याला काय हवं हे तिला वर्षभर सापडलं नव्हतं, आणि हाताला माहीत होतं. त्यात आनंद वाटण्यासारखं काही नव्हतं. या खोल्यांत काय असतं ते तिला पुरतं ठाऊक होतं. ताप आला तर पाण्याचा पेला आपणच उठून घ्यायचा. रविवारी दुपारी शेजारच्या घरात भांड्यांचा, हसण्याचा आवाज यायचा आणि हातातलं पुस्तक तसंच राहायचं. ताईकडे गेलं तर हे सगळं मिटेल. आणि पहाटे उठून दिवा न लावता, कुणाला उत्तर न देता, ती ज्या एका तासात संपूर्ण स्वतःची असायची, तो तासही मिटेल. ताई पहाटे उठते. उठल्या उठल्या बोलते. फार मायेने बोलते.

रविवारी संध्याकाळी भाग दाखवला गेला. सोमवारी सकाळपासून प्रतिक्रियांचा पूर आला, आणि मास्तर एकेक वाचून दाखवू लागला. त्याला ते नाटकाच्या तालमीसारखं आवडायचं.

“ऐका. ‘थाप पडल्यावर कोण आलं ते कळायची चाळीस वर्षं वाट पाहिली, आता आम्ही तुमच्या दारावर थाप मारायला येतो, पत्ता द्या.’ हे एक. ‘माझ्या आईने टीव्ही बंद पडला समजून त्याला दोन चापट्या मारल्या.’ हे दुसरं. ‘म्हातारीने कप विसळला तो भाग शिकवण्यासारखा आहे, आमच्या घरी कुणी आतून पुसत नाही.’”

ती हसली.

“‘आमच्या घरात भांडण लागलंय. बायको म्हणते शेवट सुंदर आहे. मी विचारलं, सुंदर म्हणजे काय? तर म्हणाली, शांत. आता मी घरात बोलू की नको?’ बिचारा. हे बघा, ‘जुन्याची सर नाही.’ ‘जुन्याची सर नाही.’ ‘जुन्याची सर नाही.’ हे एकाच माणसाने लिहिलेलं दिसतंय. हे एक लहान आहे: ‘मीसुद्धा काल कप फळीवर ठेवला.’ बस, एवढंच. नाव नाही.”

“परत वाचा.”

मास्तरने परत वाचलं आणि तिच्याकडे बघितलं. “चांगल्यात टाकू की वाईटात?”

“कशातच नका टाकू,” ती म्हणाली. “राहू द्या तसंच.”

ती घरी पोचली तेव्हा अजून उजेड होता. पिशवी खाली ठेवते तोच फोन वाजला.

“चिमे, काल पाहिलंस का?” ताईचा आवाज तापलेला होता. “काय ते केलंय! अगं, मी शेवटी उठून दारापाशी गेले. म्हटलं, थाप आपल्याच दारावर पडली की काय. बाहेर कुणी नाही. परत येते तर नावं सरकतायत. असला शेवट असतो का?”

“मी आधीच पाहिलं होतं. ऑफिसात.”

“मग सांगितलं का नाहीस त्यांना? तुला तिथे पगार कशाचा देतात? एवढी जन्मभर रुग्णांची सेवा केलेली बाई, आणि तिच्या दारावर एक माणूस पाठवता येत नाही? शेजारीण तरी पाठवायची. दूधवाला पाठवायचा.”

“सोमवारी सकाळी आला असेल दूधवाला.”

“थट्टा नको करू. मला झोप आली नाही. सारखं डोळ्यांपुढे येत होतं, ती खिडकीशी बसलीय, बिचारी, आणि समोर कोण, तर एक सायकल.” ताईचा श्वास ऐकू आला. “मला तुझीच आठवण झाली. तू पण अशीच बसत असशील. म्हटलं, बास झालं. बिल्डरच्या माणसाला उद्या बोलावलंय. दोन बेडरूमचं सांगून टाकते. तू काही बोलूच नको, नुसती ये.”

ती स्वयंपाकघरात उभी होती. ओट्यावर सकाळचा विसळलेला कप होता, त्याच्याखाली पाण्याचं कडं उमटलं होतं. तिने ते बोटाने पुसलं.

“ताई, ती बिचारी नव्हती.”

“कोण?”

“ती नर्स.”

“म्हणजे? एकटी राहिली ती.”

“एकटी राहिली. तिला वाईटही वाटलं असेल. रोज वाटेल. पण तिने कप उचलून ठेवला ना ताई, तो कुणी उचलायला लावला नव्हता तिला.”

  ताईकडे मागे कुठेतरी नळ चालू होता, तो बंद झाला.

“चिमे, तू गोष्टीबद्दल बोलतेयस ना?”

इथे अजून वाट होती. हो म्हणायचं, विषय बदलायचा, गुडघ्याचं कसं आहे विचारायचं. ताईनेही खुशाल बदलू दिला असता. आणि उद्या बिल्डरच्या माणसाला दोन बेडरूमचं सांगितलं गेलं असतं, आणि ती दुसरी खोली झाडून-पुसून, चादर घालून, वर्षानुवर्षं वाट बघत राहिली असती.

“तू माझ्यासाठी कॉलेज सोडलंस,” ती म्हणाली.

“ते कुठून काढलंस आता? मी कधी म्हटलं तुला?”

“नाही म्हटलंस. म्हणूनच मला वर्षभर तोंड उघडता आलं नाही.”

“काय उघडता आलं नाही? बोल ना बाई. मी काय तुला खाणार आहे?”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. मदतीला उभा असलेला माणूस येऊ दे, येऊ दे म्हणत होता. तिने खिडकी लावून घेतली.

“माझं तुझ्यावर प्रेम आहे, हे तुला माहीत आहे ना?”

“आहे गं. घाबरवू नकोस. काही दुखतंय का तुझं? डॉक्टर काही म्हणाले का?”

“नाही. मी बरी आहे.” आवाज सोमवारच्या पहिल्या शब्दासारखा घोगरा निघत होता. ती खाकरली नाही. “ताई, उद्या त्या माणसाला एका बेडरूमचं सांग. मी येणार नाही.”